काडेपेटी आणि तह

मंडळी, आपल्या अंजनगाव सुर्जीचं नाव इतिहासात एका तहामुळे आहे. ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंद्यांच्या वकिलांनी तो इथे आर्थर वेलस्लीशी केला. यावर कोणी कादंबरी लिहिली, तर आपण ती कशी वाचायची?

पहिली नजर वस्तूंवर जाते. छावणीत कोणी काडेपेटी ओढली, की चूक कळते. घासून पेटणारी काडी इंग्लंडातच १८२७ च्या सुमारास विकायला आली. इथे तेव्हा चकमक होती. जेवणात मिरची असली तर मात्र हरकत घेऊ नये. पोर्तुगीजांबरोबर ती कधीचीच आली होती.

पण काडेपेटी पुढच्या आवृत्तीत काढता येते. ‘सगळे मराठे एकीकडे, गोरे दुसरीकडे’ हे चित्र वाचकाच्या डोक्यातून निघत नाही. वसईच्या तहानंतर पेशवे कंपनीच्या आश्रयाला होते, निजाम तिचा मित्र होता, होळकर या लढाईत उतरले नव्हते. अडगावला कंपनीकडून लढणारे बहुतेक शिपाई इथल्याच मातीतले होते.

शिवाय १८१८ मध्ये काय होणार, हे इथल्या तंबूत कोणालाच ठाऊक नव्हतं. अहमदनगर, भडोच, दुआब गेला, हा हिशेब समोर होता. ‘आता राज्य बुडालंच’ असं एखादं पात्र खात्रीनं बोललं, तर तो लेखकाचा आवाज समजावा.

संवाद कल्पित असणारच, त्याला आमची ना नाही. पण आपल्यातल्या पुष्कळांचा इतिहास कादंबरीतूनच येतो. दोष कोणाला द्यायचा, हेही आपण तिथूनच ठरवतो. म्हणून बाजू आधी तपासाव्यात, काडेपेटी नंतर.