ठोकरवाडी : पूर्वेची नदी पश्चिमेस वळविणारे धरण

१/८ पुणे-लोणावळा लोहमार्गावरील कान्हे स्थानकाकडून टाकव्याच्या दिशेने वळले, की आंदर मावळ सुरू होतो. आंद्रा नदीचे हे खोरे. त्याच्या वरच्या अंगास पसरलेला जलाशय अनेकांस नैसर्गिक सरोवर वाटतो. तो वस्तुतः ठोकरवाडी धरणाचा आहे. #इतिहास

२/८ आंद्रा सह्याद्रीच्या माथ्याशी उगम पावते. कोकणचा कडा तेथून जवळच; तरी तिचे पाणी इंद्रायणी, भीमा, कृष्णा अशी वाट धरून बंगालच्या उपसागरास मिळे.

३/८ हे खोरे पूर्वी इतके आडबाजूचे नव्हते. कुसूर घाटाने येथून कर्जतकडे उतरता येई. पुढे १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता आणि १८६३ मध्ये घाटातील रेल्वे खुली झाली. वाहतूक लोणावळ्याकडे गेली व कुसूरची वाट मागे पडली.

४/८ खोऱ्याकडे पुन्हा लक्ष वेधले ते पावसामुळे. मुंबईच्या गिरण्यांसाठी खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले होते. मागणी वाढताच टाटा समूहाने आंध्र व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी स्थापिली.

५/८ योजना धाडसी होती. नदी अडवायची, साठलेले पाणी डोंगरातील बोगद्यातून कोकणच्या कड्यापर्यंत न्यायचे आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिवपुरीच्या जनित्रांवर सोडायचे. १९२२ साली हे काम पूर्ण झाले. पूर्ववाहिनीचे पाणी पश्चिमेस वळले.

६/८ किंमत खोऱ्याने मोजली. नदीकाठची भातखाचरे पाण्याखाली गेली. त्याच सुमारास, १९२१ पासून, दक्षिणेकडे मुळशीत सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. मुळशीचे नाव इतिहासात राहिले; ठोकरवाडीचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

७/८ भिवपुरीस वीज देऊन झाली, की हेच पाणी पेज नदीतून उल्हासेस मिळते. कर्जतच्या बाजूस उन्हाळ्यातही पेज वाहते, ती मावळातल्या पावसावर.

८/८ पुढे त्याच नदीवर, खालच्या अंगास, आंद्रा धरण झाले. त्याचे पाणी आता पिंपरी-चिंचवडला जाते. एकाच नदीच्या पहिल्या धरणाने मुंबईस वीज दिली, दुसऱ्याने वाढत्या शहरास पाणी. तलावाकाठी आज तंबू आणि शेतघरे वाढत आहेत. तेथील जमिनीचा भाव ठरविताना, पाण्याखालच्या जमिनीचाही एक हिशोब आहे, हे विसरू नये.