विद्युत मोटारीच्या बाह्यांगाची दुरुस्ती महाग का पडते?

तामिळनाडूची राजधानी चेन्नई हे देशातील मोटारनिर्मितीचे प्रमुख केंद्र आहे. २०१९ साली बाजारात आलेली ह्युंदाईची कोना आणि २०२५ साली आलेली क्रेटा या दोन्ही विद्युत मोटारी शहरानजीकच्या श्रीपेरुंबुदूर परिसरातील कारखान्यातून बाहेर पडल्या. मात्र विजेवर चालणारी मोटार अपघातात चेपली, तर तिच्या डेंटिंग-पेंटिंगचा खर्च पेट्रोल मोटारीच्या तुलनेत बराच अधिक येऊ शकतो. केवळ चेन्नईतच नव्हे, तर सर्वत्र हाच अनुभव आहे. अमेरिकेतील हर्ट्झ या भाड्याने मोटारी देणाऱ्या कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये सुमारे २० हजार विद्युत मोटारी विकण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा अपघातानंतरच्या दुरुस्तीचा वाढता खर्च हे एक कारण सांगितले होते.

वास्तविक बोनेट किंवा दरवाजाचा पत्रा दोन्ही प्रकारच्या मोटारींत फारसा वेगळा नसतो. फरक असतो तो त्याखाली. विद्युत मोटारीची मुख्य बॅटरी बहुधा दोन्ही चाकांच्या मधल्या भागात, तळाशी पसरलेली असते. दरवाजाखालची कड दुभाजकावर आदळली किंवा तळ दगडाला घासला, तर धक्का बॅटरीच्या पेटीपर्यंत पोहोचला आहे काय, हे तपासावेच लागते. पेटीला तडा गेल्यास आत पाणी शिरण्याचा धोका असतो. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग चक्रीवादळाच्या वेळी चेन्नईतील वेलाचेरी, पल्लिकरणै हे सखल भाग पाण्याखाली गेले होते. अशा शहरात ही तपासणी अनावश्यक म्हणता येणार नाही. कॅनडात २०२३ साली तळाला किरकोळ इजा झालेल्या एका मोटारीच्या नव्या बॅटरीसाठी सुमारे ६० हजार कॅनेडियन डॉलर सांगण्यात आले. ही रक्कम मोटारीच्या किमतीहून अधिक होती.

कामाची पद्धतही वेगळी आहे. वेल्डिंगपूर्वी उच्च दाबाचा वीजप्रवाह खंडित करावा लागतो, आणि त्यासाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ व विद्युतरोधक हातमोजे, हत्यारे आवश्यक असतात. रंग वाळविण्याच्या भट्टीतील उष्णता बॅटरीला अपायकारक ठरू नये म्हणून उत्पादक तापमानाची व वेळेची मर्यादा घालून देतात. ती पाळता येत नसेल तर बॅटरी उतरवावी लागते. बंपरमध्ये रडार असल्यास बंपर बदलल्यावर त्याचे समायोजन करणे, हा आणखी एक खर्च.

पेट्रोल मोटारीच्या मालकाला चेन्नईत जनरल पॅटर्स रोडवरील सुट्या भागांची दुकाने आणि पुदुपेटचा जुन्या भागांचा बाजार हे पर्याय उपलब्ध असतात. मुंबईकरांसाठी कुर्ल्याचे जे स्थान, तेच येथे पुदुपेटचे. जुना बाजार भंगारात निघालेल्या मोटारींवर चालतो. विद्युत मोटारी अद्याप नव्या असल्याने त्यांचे भाग तेथे सहजी येत नाहीत आणि मालकाला अधिकृत कार्यशाळेचाच दर मान्य करावा लागतो. करातही विसंगती होती: विद्युत मोटारीवर ५ टक्के, पण तिच्या बंपरवर २८ टक्के वस्तू व सेवा कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरील हा दर १८ टक्के झाला.

विम्यामुळे हा भार हलका होतो, नाहीसा होत नाही. प्रचलित करारांनुसार प्लॅस्टिक व रबरी भागांवर ५० टक्के घसारा वजा होतो. म्हणजे ४० हजार रुपयांच्या बंपरपैकी २० हजार मालकाच्या माथी येतात. घसारामुक्त विम्याचे जादा संरक्षण घेतल्यास ही वजावट टळते. १ जून २०२२ पासून विद्युत वाहनांना हप्त्यात मिळालेली १५ टक्के सवलत त्रयस्थ पक्षाच्या विम्यापुरती आहे, स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या विम्यासाठी नाही, ही बाब अनेकदा नजरेआड होते.

घसारामुक्त संरक्षण असले तरी एक अट कायम राहते. दुरुस्तीचा खर्च विमाकृत मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास वाहन संपूर्ण हानी झालेले मानले जाते. आज १५ लाख रुपये किंमत असलेल्या मोटारीचे विमाकृत मूल्य चौथ्या वर्षी ४० टक्के घटीनंतर ९ लाख ठरते आणि ही मर्यादा पावणेसात लाखांवर येते. बॅटरीसह खर्चाचे अंदाजपत्रक त्यापलीकडे गेल्यास मोटार दुरुस्त होत नाही. मालकाला विमाकृत मूल्याच्या आधारे भरपाई मिळते, आणि कर्ज शिल्लक असल्यास त्या रकमेवर पहिला हक्क बँकेचा असतो.