युरियाची गोणी आणि समुद्रातलं तेल



परभणीपासून समुद्र फार लांब. तरी आपण कापसाला, ज्वारीला जो युरिया घालतो, त्याचा संबंध त्या समुद्राशी आहे. कसा, ते ऐका.

1973 साली जगात तेलाचे भाव भडकले. तेल बाहेरून आणणाऱ्या आपल्या देशाला मोठा घोर लागला. अशा वेळी, 1974 च्या फेब्रुवारीत, मुंबईच्या पश्चिमेस सुमारे 160 किलोमीटरवर, 'सागर सम्राट' या समुद्रात पाय रोवून उभं राहणाऱ्या यंत्रानं विहीर खोदली आणि तेल लागलं. 1976 साली उत्पादन सुरू झालं. पुढे समुद्राच्या तळावरून नळ टाकून तेल आणि वायू उरणच्या किनाऱ्याला आणले. सुरुवातीला पुष्कळसा वायू नुसता जाळून टाकावा लागे. मग त्याच वायूच्या भरवशावर अलिबागजवळ थळला खताचा मोठा कारखाना उभा राहिला. तिथला युरिया शेतकऱ्यांच्या बांधावर पोचला.

देशाचं भलं झालं, यात शंका नाही. पण ज्यांच्या दारात हे सारं आलं, त्यांचं काय?

समुद्रातल्या तेलाच्या फलाटांभोवती 500 मीटरच्या आत मासेमारीला मनाई असते. सुरक्षेसाठी ती हवीच. पण कोळी बांधवाच्या लेखी तो हातचा गेलेला शेताचा तुकडाच. किनाऱ्यावर धोकाही आहे. 2019 च्या सप्टेंबरात उरणच्या केंद्रात आग लागून चार माणसं दगावली.

आता हिशेब पाहा. जमिनीखाली तेल निघालं, तर त्याचं स्वामित्वधन राज्याला मिळतं. समुद्रात निघालं, तर केंद्राला. खाणींच्या जिल्ह्यांसाठी 2015 च्या कायद्यानं जिल्हा खनिज प्रतिष्ठानं निघाली; खनिज तेल मात्र त्याबाहेर राहिलं. शाळा, दवाखाना, नोकरी असं काही गावाला मिळालं, तरी ती देणाऱ्याची मर्जी. हक्काचा, ठरलेला वाटा ही गोष्ट निराळी.

हे दुःख आपल्याला परकं नाही. येलदरीचं धरण झालं, तेव्हा पूर्णाकाठच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, म्हणून खालची शिवारं भिजली. एकाच्या त्यागावर दुसऱ्याचं पीक उभं राहतं. म्हणून वाटा आधी ठरावा, काम मग सुरू व्हावं.

गुरुजींनी वर्गात नकाशा उघडावा. समुद्रातून उरण, उरणहून थळ, थळहून परभणी अशी रेघ ओढावी आणि मुलांना विचारावं: गोणीच्या किमतीत त्या कोळ्याचा वाटा कुठे धरला आहे?