मॉर्टनचा न्यूरोमा: एक फसवे नाव

तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मुळाशी तळव्यात आग होते, बोटे बधिर होतात. बूट काढून पाऊल चोळले की बरे वाटते. या दुखण्याला ‘मॉर्टनचा न्यूरोमा’ म्हणतात. पण ते मॉर्टनने प्रथम नोंदवलेले नाही, आणि न्यूरोमा म्हणजे मज्जातंतूचे अर्बुद, तेही हे नव्हे.

राणी व्हिक्टोरियाच्या पायांची निगा राखणाऱ्या लुईस डर्लाकरने १८४५ मध्येच त्याचे वर्णन केले होते. फिलाडेल्फियाचे शल्यविशारद थॉमस मॉर्टन यांनी १८७६ मध्ये लेख लिहिला. हाडांमध्ये मज्जातंतू चिमटतो हे त्यांनी ताडले. मात्र दोष चौथ्या बोटाच्या सांध्याकडे लावून तो सांधाच कापून काढला. चोर सोडून संन्याशाला सुळी! ॲडलेडच्या बेट्स यांनी १९४० मध्ये दोष मज्जातंतूतच असल्याचे मांडले.

निदानाची साधी युक्ती १९५१ मध्ये मल्डर यांनी दिली. पाऊल दोन्ही बाजूंनी आवळायचे आणि तळव्याकडून अंगठ्याने दाबायचे. ‘कट्’ असे जाणवून नेहमीची कळ आली, तर संशय बळावतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ती वारंवार दबल्याने मज्जातंतूभोवती साचलेली तंतुमय ऊती. म्हणूनच उपचाराची सुरुवात रुंद पंजाच्या, बुटक्या टाचेच्या पादत्राणांनी होते. मज्जातंतू कापणे अगदी शेवटी. त्यानंतर बोटांच्या बेचक्यात बधिरपणा राहतो.