अनुदान जमिनीला की कसणाऱ्याला?

सरकारने शेतीसाठी पैसा दिला की तो शेतकऱ्याला मिळाला, असे गृहीत धरले जाते. आम्हाला हे गृहीतकच मान्य नाही. पैसा वाटण्याआधी 'शेतकरी कोण' हे ठरते आणि खरा अन्याय तिथेच होतो. अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या पॉइन्सेट काउंटीचा इतिहास हेच सांगतो.

महामंदीत कापसाचा भाव पौंडाला सहा सेंटच्या आसपास कोसळला होता. मे १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने कृषी समायोजन कायदा केला. पीक कमी घ्या, भाव चढेल आणि सोडलेल्या पिकाचा मोबदला सरकार देईल, असा हिशेब होता. त्या उन्हाळ्यात दक्षिणेतील सुमारे एक कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकला गेला. भाव वाढलाही. पण मोबदला कोणाला मिळाला?

जमीन गोऱ्या मळेवाल्यांची होती. ती कसणारे होते अर्धेलीवाले, काळे आणि गरीब गोरेही. बियाणे, अवजारे, खायचे धान्य सगळे उधारीवर आणि उधारीची वही मालकाच्या हातात. १९३४-३५ च्या करारात पड ठेवलेल्या जमिनीच्या सरासरी उत्पादनावर पौंडामागे साडेचार सेंट ठरले. त्यातले चार सेंट मालकाचे आणि अर्धा सेंट अर्धेलीवाल्याचा! तो अर्धा सेंटही मालकामार्फतच यायचा आणि अनेकदा उधारीत वळता व्हायचा. तक्रार करायची तर काउंटी समितीवर मळेवाल्यांचेच वर्चस्व.

कराराच्या सातव्या कलमात कुळांची संख्या 'शक्य तितकी' कायम ठेवावी असे लिहिले होते. काय शक्य आहे, हे ठरवणार मालकच. जमीन पड राहिली की हात कमी लागतात. मग कुटुंबेच्या कुटुंबे घराबाहेर काढली गेली. गरिबांना वाचवायला आलेल्या पैशानेच गरीब बेघर झाले.

जुलै १९३४ मध्ये याच काउंटीतील टायरोंझा गावाजवळ ११ गोरे आणि ७ काळे एकत्र बसले आणि त्यांनी सदर्न टेनंट फार्मर्स युनियन स्थापन केली. वंशभेद कायद्याने पाळणाऱ्या दक्षिणेत ही एकजूट साधी नव्हती. आमचा वाटा थेट आमच्या हातात द्या, अशी त्यांची मागणी होती. त्याबदल्यात सभा उधळल्या गेल्या, घरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. फेब्रुवारी १९३५ मध्ये सातव्या कलमाचा अर्थ कुळांच्या बाजूने लावणारे जेरोम फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सरकारी नोकरीतून काढण्यात आले.

सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये बसलेला मालक आपल्याला नवा नाही. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, ते याच मधल्या माणसाविरुद्ध. १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी देशव्यापी सत्याग्रह उभारला.

आज पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये थेट बँक खात्यात येतात. मधला माणूस हटला, हे आम्ही नाकारत नाही. पण हक्क ठरतो तो जमिनीच्या मालकीवरून. गायरान कसणारा, बटईने शेती करणारा, दुसऱ्याच्या रानात राबणारी बाई यांचे नाव सातबाऱ्यावर नाही, म्हणून लाभार्थ्यांच्या यादीतही नाही.

म्हणून आपली मागणी केवळ 'अनुदान वाढवा' एवढीच असून चालणार नाही. कसणाऱ्याची नोंद करा आणि गायरान कसणाऱ्याच्या नावावर करा, ही मागणी आधी. नाहीतर प्रत्येक वाढीव रुपया जमीन असणाऱ्यालाच मिळत राहील.