पात्र आणि स्थळ : एका विभागणीचा इतिहास

ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात कादंबरीवर व्याख्याने दिली आणि ती त्याच वर्षी ‘आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’ या नावाने ग्रंथरूपात आली. कथा, माणसे, कथानक, अद्भुत, द्रष्टेपण, आकृती आणि लय असा त्यांचा क्रम आहे. माणसांच्या वाट्याला त्यात दोन प्रकरणे आली. स्थळाच्या वाट्याला एकही नाही. ‘वॉर अँड पीस’चा भव्य परिणाम रशियाच्या अफाट विस्तारातून उपजतो हे फॉर्स्टर यांना दिसले होते, पण ते त्यांनी कथेविषयी बोलता बोलता, ओझरते सांगितले.

या ग्रंथातील सर्वांत प्रसिद्ध भाग म्हणजे सपाट आणि गोलाकार पात्रांचा भेद. एका वाक्यात सांगून संपते ते पात्र सपाट. पटेल अशा रीतीने आश्चर्याचा धक्का देते ते गोलाकार. कसोटी वापरावयास सोपी, म्हणून ती अभ्यासक्रमांत आणि उत्तरपत्रिकांत जाऊन बसली. सपाट पात्रांच्या बळावर डिकन्स मोठा होऊ शकला, हे फॉर्स्टर यांनी मान्य केले होते. तथापि कसोटी उचलणाऱ्यांनी हा विवेक उचलला नाही. त्यांच्या हाती वर्गीकरणाची गुणपत्रिका झाली.

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच विचाराला पात्र आणि परिसर यांची अशी फारकत ठाऊक नव्हती. प्राणिसृष्टीत जशा जाती, तशा समाजातही जाती घडतात, असे बाल्झाक यांनी १८४२ साली आपल्या कादंबरीमालेच्या प्रस्तावनेत मांडले. त्याआधीच ‘पेअर गोरिओ’मध्ये (१८३५) त्यांनी व्होकेरबाईंच्या खाणावळीचा वास, कळकट सामान आणि खुद्द बाई यांना असे एकत्र गुंफले होते की एकाचे वर्णन कोठे संपते आणि दुसऱ्याचे कोठे सुरू होते ते सांगू नये. तेन यांनी १८६३ साली वंश, परिसर आणि क्षण ही त्रयी पुढे केली. झोला यांनी १८८० साली तिला प्रयोगशाळेचा वेष चढविला. येथे मात्र परिसर हा कारण झाला आणि माणूस निव्वळ कार्य. माणसाला मोकळीक उरू नये असे शास्त्र नंतरच्यांना जाचक वाटले तर नवल नाही. हेन्री जेम्स यांनी १८८४ सालीच, वर्णन, संवाद, घटना असे कादंबरीचे सुटे ठोकळे कल्पिण्यास नकार दिला होता. परंतु अध्यापनाला ठोकळेच सोयीचे असतात.

फॉर्स्टर यांना खरे उत्तर एका वर्षात मिळाले. एडविन म्यूर यांच्या १९२८ च्या ‘द स्ट्रक्चर ऑफ द नॉव्हेल’ या लहानशा ग्रंथाची मराठीत पुरेशी दखल घेतली गेलेली नाही. पात्रप्रधान कादंबरी अवकाशात पसरते, नाट्यात्म कादंबरी काळात घडते, असा त्यांचा सिद्धांत. ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये माणसे बदलत नाहीत, कारण तेथे दृश्यामागून दृश्य उलगडत समाजाचा विस्तार दाखवावयाचा आहे. ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये जागा आवळलेली आहे आणि त्यामुळेच काळ माणसांवर तुटून पडतो. म्हणजे सपाटपणा हा लेखकाचा उणेपणा नव्हे, त्या कादंबरीने स्वीकारलेल्या अवकाशाचा तो धर्म आहे.

गंमत अशी की फॉर्स्टर यांची कादंबरी त्यांच्या व्याख्यानांपेक्षा अधिक जाणती होती. ‘अ पॅसेज टु इंडिया’तील (१९२४) मराबारच्या गुहा आणि त्यांतील प्रतिध्वनी वगळून मिसेस मूर यांच्याविषयी काय बोलता येईल?

पुढे एरिक आउअरबाख यांनी ‘मिमेसिस’मध्ये (१९४६) त्याच व्होकेरबाईंकडे वळून व्यक्ती आणि परिसर यांचे सामंजस्य उलगडले. मिखाइल बाख्तीन यांनी १९३७-३८ साली लिहिलेल्या, पण १९७५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या निबंधात, रस्ता, दिवाणखाना, उंबरठा या जागा स्वतःबरोबर विशिष्ट काळ घेऊन येतात आणि त्या स्थलकालातच माणसाची प्रतिमा घडते, असे दाखविले. दोस्तोयेव्हस्कीची माणसे निर्णयाच्या क्षणी उंबरठ्यावर, जिन्यात भेटतात, हा योगायोग नव्हे.

मराठीत अडचण शब्दापासूनच सुरू होते. ‘पार्श्वभूमी’ म्हटले की स्थळ आपोआप मागे जाते, रंगविलेल्या पडद्यासारखे. ‘वातावरणनिर्मिती’ हा शब्दही पाहुण्यासाठी केलेल्या सजावटीसारखा. अशा शब्दांनी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) तोलावयास घेतली तर काय हाती लागते? कारभारी, आनंदा रामोशी, आयबू यांपैकी किती जण गोलाकार, हा हिशोब मांडता येईल. पण त्या हिशोबात कादंबरी सापडणार नाही. माळावरची ती वाडी आहे म्हणून ही माणसे तशी आहेत, आणि दुष्काळात माणसे मेंढरांसह निघून जातात तेव्हा वाडीच उरत नाही. नुसती घरे आणि पोरका शाळामास्तर मागे राहतो.