हेलसिंकीची दुसरी वर्गणी : धावपटू मेरी डिसोझा आणि मराठी क्रीडास्मृती

महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासात १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जे स्थान आहे, ते प्रामुख्याने खाशाबा जाधव यांच्या कांस्यपदकामुळे. त्या पदकामागची कथाही सर्वपरिचित आहे. प्रवासखर्चासाठी कराड-कोल्हापूर परिसरात वर्गणी गोळा झाली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. परंतु त्याच पथकात, त्याच मुंबई राज्यातून, एकवीस वर्षांची एक धावपटूही गेली होती. तिच्या प्रवासासाठीही लोकांनीच पैसे उभे केले होते. याची नोंद मराठी क्रीडालेखनात क्वचितच आढळते. हे विस्मरण का घडले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

मेरी डिसोझा यांचा जन्म १९३१ मध्ये वांद्रे येथील एका गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबात झाला. मार्च १९५१ मध्ये नवी दिल्ली येथे पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणीस होते. २०० मीटरमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले आणि ४ × १०० मीटर रिलेत रौप्यपदक मिळवणाऱ्या संघातही त्या होत्या. याच स्पर्धेत १०० मीटरचे रौप्यपदक रोशन मिस्त्री यांना मिळाले. मिस्त्री, डिसोझा, मेंडोन्सा ही आडनावे एकत्र वाचली, की त्या काळच्या महिला धावपटू कोणत्या समाजांतून येत होत्या हे ध्यानात येते. मुलीने आखूड पोशाखात, सार्वजनिक मैदानावर, पुरुष प्रेक्षकांसमोर धावणे पारशी आणि ख्रिस्ती वस्त्यांत तुलनेने स्वीकारार्ह होते. बहुसंख्य मराठी घरांत ते अकल्पनीय होते.

पुढच्याच वर्षी हेलसिंकीसाठी निवड झाली. स्वतंत्र भारतातर्फे ऑलिम्पिकला गेलेल्या पहिल्या चार महिलांमध्ये मेरी डिसोझा आणि निलिमा घोष या धावपटू होत्या, तर आरती साहा व डॉली नझीर या जलतरणपटू होत्या. निवड झाली तरी खर्चाची तरतूद नव्हती. वांद्र्यातील स्नेह्यांनी नृत्याचा कार्यक्रम व पत्त्यांच्या खेळाची बैठक आयोजित करून निधी जमवला, असे डिसोझा यांनी उत्तरकाळात सांगितले आहे. कराडची वर्गणी आणि वांद्र्याचा नृत्याचा कार्यक्रम यांत तत्त्वतः फरक नाही. दोन्हीकडे शासनाची उणीव समाजाने भरून काढली. फरक एवढाच, की एक प्रसंग मराठी लोकस्मृतीत सामावला आणि दुसरा इंग्रजी-कोंकणी बोलणाऱ्या उपनगरात राहिला.

खाशाबांनी पदक जिंकले, तर डिसोझा १०० आणि २०० मीटरच्या प्राथमिक फेरीतच बाद झाल्या, हा आक्षेप येथे घेता येईल. तो रास्त आहे, पण पुरेसा नाही. १९५४ मध्ये मनिला येथील आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांच्या रिले संघाने सुवर्णपदक जिंकले. क्रिस्टीन ब्राऊन, स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी डिसोझा या त्या चौघी. ज्या जपानने दिल्लीत भारताला मागे टाकले होते, त्याच जपानला या संघाने हरवले. हे सुवर्णही मराठी क्रीडालेखनात फारसे रुजले नाही. केवळ पदकाचा अभाव हे विस्मरणाचे कारण असते, तर असे घडते ना.

या चौघींपैकी स्टेफी डिसोझा पुण्यात वाढलेल्या. मेरींप्रमाणेच त्याही हॉकीत भारताकडून खेळल्या. १९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धेत त्यांनी २०० मीटरचे रौप्यपदक मिळवले आणि १९६३ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार प्राप्त झाला. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारतीय पथकातील त्या एकमेव महिला होत्या. स्त्रीशरीराच्या क्षमतेविषयीचा संशय केवळ भारतीय नव्हता. १९२८ नंतर महिलांची ८०० मीटर शर्यत ऑलिम्पिकमधून वगळली गेली ती थेट १९६० मध्ये परतली, आणि ज्या ४०० मीटर शर्यतीत स्टेफी धावल्या ती तर १९६४ मध्ये प्रथमच भरवली गेली.

मराठवाड्याची स्थिती याहून वेगळी होती. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद राज्यात होता. तत्कालीन औरंगाबादमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाविद्यालय सुरू केले ते १९५० मध्ये आणि विद्यापीठ आले १९५८ मध्ये. वांद्र्याची मुलगी दिल्लीत धावत होती, तेव्हा येथील मुलींपुढे उच्च शिक्षणाचाच प्रश्न उभा होता. मैदान त्याच्याही पलीकडे होते. आज याच शहरात, छत्रपती संभाजीनगरात, भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षण केंद्र आहे. २०१९ मध्ये हाँगकाँग येथील आशियाई युवा स्पर्धेत १०० मीटरचे सुवर्णपदक ११.९७ सेकंदांत जिंकणारी अवंतिका नराळे ही पुण्याची. धावपटूंच्या यादीतील आडनावे आता बदलली आहेत.

खाशाबांना अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला, याची खंत महाराष्ट्रात वारंवार व्यक्त होते. मेरी डिसोझा यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २०१३ मध्ये, मनिलाच्या सुवर्णानंतर ५९ वर्षांनी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी.